‘आई काय करत होती?’ हा प्रश्नच मुळात अर्धवट आहे

कुठल्यातरी पोरानं काहीतरी भयंकर केलं की दोन दिवसांत वाद पेटतो आणि तो दरवेळी त्याच वळणावर जातो. एक बाजू म्हणते, आया बाहेर पडल्या, मोबाइलमध्ये घुसल्या, घरात बघायला कोणी राहिलं नाही, मग संस्कार कुठून होणार? दुसरी बाजू म्हणते, बाईनं काय आयुष्यभर घरातच बसायचं का, रोज थोडा क्वालिटी टाइम दिला की बास झालं, उलट कमावती आई बघूनच मुलं शहाणी होतात. मग पहिली बाजू जुन्या काळातल्या माउल्यांची यादी काढते, दुसरी बाजू नोकरी करून मुलांना मोठं केलेल्या बायकांची यादी काढते, आणि दोघंही दमेपर्यंत भांडतात. गंमत म्हणजे दोघांची पट्टी एकच आहे. आई किती तास घरात होती, आई काय म्हणाली, आई कुठे कमी पडली. बाप, आजी-आजोबा, काका-मामा, शेजार, शाळा हे सगळे जणू त्या घरातलं फर्निचर.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मुलाचं चारित्र्य आई एकटी घडवत नाही, अख्खं घर घडवतं. आणि मूल त्या घरात सगळ्यात आधी आणि सगळ्यात पक्कं काय शिकत असेल तर हे, की इथे आईशी बाकीचे कसे वागतात. आईनं काय शिकवलं त्याचा नंबर त्यानंतरचा. त्यामुळे ज्यांना खरंच संस्कारांची काळजी आहे त्यांनी आईच्या घड्याळाकडे बघणं सोडून घरातल्या बाकीच्यांच्या वागण्याकडे बघायला हवं, आणि नेमकं तेच कोणाला करायचं नसतं.

आता समोरच्यांचं जे बरोबर आहे ते मान्य करूनच पुढे जाऊ. तान्ह्या बाळाला कोणीतरी एक कायमचं, ओळखीचं, हाकेला धावून येणारं माणूस लागतं, यात वाद नाही. नऊ महिने पोटात आईच वाढवते, दूध आईच पाजते, तेव्हा सुरुवातीला ते माणूस बहुतेक वेळा आईच असते, हेही खरं. जॉन बोल्बी नावाच्या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञानं १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला, महायुद्धात घरदार तुटलेल्या मुलांचे हाल बघून, आणि त्यात ठासून सांगितलं की जवळचं, उबदार, अखंड नातं मिळालं नाही तर मूल आतून मोडतं. हेही मानतो की आपल्यातल्या बऱ्याच जणांना ‘चांगलं-वाईट कोणी शिकवलं’ असं विचारलं तर तोंडातून आधी आईचंच नाव येईल, आणि ते काही खोटं नसतं. अमेरिकेत १९९१ पासून तेराशेहून जास्त मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवणारा एक मोठा अभ्यास झाला, त्यात पाळणाघरात जास्त तास राहिलेल्या मुलांमध्ये हट्टीपणा, आक्रस्ताळेपणा थोडा जास्त दिसला. ‘क्वालिटी टाइम’वाले हे ऐकलं की कानावर हात ठेवतात. ठेवू नयेत. दिसलं ते दिसलं.

पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट पहिली बाजू सांगत नाही. फक्त आईनेच सांभाळलेली मुलं आणि इतरांनीही सांभाळलेली मुलं यांच्या एकूण वाढीत तसा फरक सापडला नाही. फरक पडत होता तो घर कसं आहे आणि सांभाळणारं माणूस कसं आहे यानं. आणि बोल्बीचं म्हणाल तर त्यानं त्या वाक्यात ‘आई’ लिहून लगेच पुढे ‘किंवा आईच्या जागी कायमचं असलेलं माणूस’ असंही लिहिलं होतं. त्यातली आई लोकांनी उचलली, पुढचं सोडून दिलं, कारण पुढचं वाचलं की जबाबदारी वाटून घ्यावी लागते ना. १९६४ मध्ये शॅफर आणि एमर्सन या मानसशास्त्रज्ञांनी स्कॉटलंडमधल्या ग्लासगोतल्या साठ बाळांच्या घरी जाऊन जाऊन पाहिलं, तर दीड वर्षाची होईपर्यंत बहुतेक बाळांचा जीव एकापेक्षा जास्त माणसांवर जडलेला होता आणि त्यात बाप भरपूर होते. म्हणजे बाळाला कायमचं माणूस लागतं हे शंभर टक्के खरं, पण ते एकच असावं आणि त्याला साडीच असावी असं बाळाचं काही म्हणणं नसतं. ते आपलं म्हणणं असतं.

एवढं लांब कशाला जायचं, आपल्याकडेच बघा. जोतिबा फुले वर्षभराचे असताना आई गेली, त्यांना वाढवलं सगुणाबाईंनी, नात्यातल्या एका विधवा बाईनं. बाबासाहेब आंबेडकर पाच-सहा वर्षांचे असताना भीमाबाई गेल्या, पुढे आत्या मीराबाईंनी त्या लेकरांचं केलं. संभाजीराजे दोन वर्षांचे असताना सईबाई गेल्या, दूध धाराऊंनी पाजलं, वाढवलं आजीनं. आता ‘आईविना मूल वाया जातं’ म्हणणाऱ्यांनी या तिघांचं काय करायचं ते सांगावं. यावर उत्तर ठरलेलं असतं, की अहो ते थोर पुरुष, अपवाद. बरं, मग आईमुळे थोर झालेल्यांची उदाहरणं देताना ते अपवाद कसे नसतात? नियम सिद्ध करायला थोर पुरुष चालतात आणि मोडायला चालत नाहीत, हा कुठला न्याय? मी तर म्हणतो, या तिघांच्या गोष्टीत आई महत्त्वाची नव्हती असं दिसत नाहीच, उलट असं दिसतं की आईचं काम इतकं महत्त्वाचं होतं की आई गेल्यावर ते कोणीतरी आपलं म्हणून उचललं. ते उचलता येतं, हाच मुद्दा आहे.

आणि जिजाऊ. या वादात जिजाऊंचं नाव आलं नाही असं होतच नाही. ‘जिजाऊ व्हा’ हे आजकालच्या प्रत्येक बाईला ऐकवलं जातं आणि ऐकवणाऱ्याच्या डोक्यात एक चित्र असतं, मांडीवर बाळ, ओठांवर रामायण-महाभारताच्या गोष्टी, नजर खाली. खऱ्या जिजाऊ काय करत होत्या? नवरा दूर कर्नाटकात, आणि इकडे पुण्याची जहागीर नव्यानं उभी करायचं काम डोक्यावर, गावं वसवायची, तंटे ऐकायचे, निवाडे द्यायचे. १६६६ मध्ये महाराज आग्र्याला अडकले तेव्हा मागे राज्याचा कारभार बघत होत्या त्या जिजाऊच. आजच्या भाषेत सांगायचं तर पूर्णवेळ कामावर असलेली आई, तीही अशा कामावर जिथे सुट्टी नाही. शिवबा काय नुसत्या गोष्टी ऐकून घडले? समोर रोज एक बाई हुकूम देतेय, माणसं तिचं ऐकतायत, ती चुकलेल्याला बोलतेय आणि गरिबाचं ऐकून घेतेय, हे ते बघत होते. परस्त्रीला सन्मानानं परत पाठवायचं शहाणपण ज्या माणसात आलं त्यानं आधी घरातल्या बाईचा शब्द चालताना पाहिला होता, हे मला फार मोठं वाटतं. जिजाऊंचं नाव घेऊन बाईला घरात बसवणं म्हणजे जिजाऊंनाच घरात बसवणं.

उलटं उदाहरण हवं असेल तर गांधारी घ्या. दुर्योधन लढाईच्या दिवसांत आईकडे यायचा, विजयी हो म्हण म्हणायचा, आणि ती बाई पोटच्या पोराला सांगायची, जिथे धर्म तिथे जय. याहून कडक संस्कार कुठली आई करणार? शब्दात काहीच कमी नव्हतं. पण त्या घरात त्या मुलानं जन्मभर पाहिलं काय? बापाला सगळं कळतं पण पोराच्या हट्टापुढे तो वाकतो. आजोबा ज्ञानी पण बोलायच्या वेळी गप्प. भर सभेत भावजयीला ओढत आणलं तेव्हा घरातले सगळे मोठे पुरुष जमिनीकडे बघत बसले. आईचं म्हणणं बरोबर असतं पण ते ऐकायचं नसतं, हा त्या घराचा नियम होता आणि दुर्योधन तो नियम पक्का शिकला. आता या घरासमोर उभं राहून कोणी विचारलं, की आईनं काय संस्कार केले, तर हसावं की रडावं? मला तर वाटतं आजच्या निम्म्याअधिक घरांचं हेच चालू आहे, फक्त सिंहासन नाहीये.

म्हणजे बघा. दहा-अकरा वर्षांचा मुलगा, दारातून आत येतो, दप्तर टाकतो, बूट जिथे निघाले तिथे, आणि ओरडतो, आई माझा निळा टी-शर्ट कुठंय. बाप कपाटाला टेकून फोनमध्ये काहीतरी बघत उभा आहे, अक्षरशः त्याच कपाटाला. तो मान वर न करता म्हणतो, अगं ए, बघ काय म्हणतोय तो. आई आतून ओल्या हातानं येते, कपाट उघडण्यासाठी बापाला जरा सरकायला सांगते, तो अर्धं पाऊल सरकतो, ती टी-शर्ट काढून देते, मुलगा तो घेऊन जातो. कोणी कोणाशी वाईट बोललं नाही, आवाज चढला नाही, सगळं एकदम नॉर्मल. पण त्या अर्ध्या मिनिटात मुलाला कळलं की घरात वस्तू कुठे आहेत हे लक्षात ठेवायचं काम एका माणसाचं, हाक मारणं हे पुरेसं कष्टाचं, आणि पुरुषानं करायचं ते म्हणजे हाक पुढे पाठवणं. रात्री हीच आई त्याला शेजारी बसवून सांगणार, बाळा दुसऱ्यांना मदत करावी. तो हो म्हणणार. आणि पंधरा वर्षांनी त्याची बायको त्याच्याशी भांडेल तेव्हा लोक म्हणणार, आईनं लाडावून ठेवलाय.

यावर काही जण म्हणतात, अहो पण त्यात तिला आनंद असतो, तुम्ही कोण सांगणारे. हे मी हलकं समजत नाही. मुलाचं करण्यात खरंच आनंद असतो, कित्येक बायका तो सगळ्यात मोठा आनंद मानतात आणि त्यांना शहाणपण शिकवायला जाणारे लोक मलाही आवडत नाहीत. घरी राहायचं ठरवणारी बाई कमी नाही आणि बाहेर जाणारी जास्त नाही. प्रश्न तिच्या आनंदाचा नाहीच, प्रश्न बाकीच्यांना त्यातून काय परवानगी मिळते याचा आहे. त्यागाचं कौतुक करणारे लोक कायम त्याग दुसऱ्याचा असेल तेव्हाच कौतुक करतात, हे कधी लक्षात आलंय का? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगभरात बिनपगारी घरकाम आणि सांभाळण्याचं काम बायका दिवसाला सरासरी ४ तास २५ मिनिटं करतात, पुरुष १ तास २३ मिनिटं. जगभरात, म्हणजे हे कुठल्या एका संस्कृतीचं खापर फोडण्यासारखं नाहीये. सगळीकडे माउलीची गाणी आहेत आणि सगळीकडे हाच हिशोब आहे.

स्वतःला काही गमवायची तोशीस नसेल तर कौतुक भरपूर करता येतं, याचा इतिहास मोठा आहे. फ्रान्समध्ये रूसो होऊन गेला, १७६२ मध्ये त्यानं शिक्षणावर ग्रंथ लिहिला, आयांनी बाळाला दाईकडे न देता स्वतःचं दूध पाजावं म्हणजे समाजाची नीती आपोआप सुधारेल असं त्याचं म्हणणं, युरोपभर बायकांनी ते डोक्यावर घेतलं. या महाशयांनी स्वतःची पाचही मुलं जन्मल्या जन्मल्या अनाथालयात टाकली होती, आणि हे नंतर स्वतःच कबूलही केलं. नाझी जर्मनीत १९३८ मध्ये मातांसाठी क्रॉस काढला, चार मुलं झाली की कांस्य, सहाला रौप्य, आठला सुवर्ण. आईचा एवढा सन्मान! आणि ती मुलं पुढे कुठे पाठवली ते सगळ्यांना माहीत आहे. मी म्हणत नाही की मातृत्वाचं गुणगान करणारा प्रत्येक जण असाच असतो. पण गुणगान ऐकलं की आपण मागे हात जोडून उभं राहतो तेवढं तरी थांबवावं, आणि विचारावं की बाबा रे, तू स्वतः घरात काय करतोस?

आणि गुणगानाच्या पाठोपाठ दोष येतोच, एकाच खिशातून निघतात दोन्ही. ज्याला सगळं श्रेय देता त्याच्यावर सगळं खापर फोडायची सोय होते. अमेरिकेत जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञानं १९२८ मध्ये आयांना बजावलं की मुलांना मिठ्या मारू नका, पापे घेऊ नका, फार तर सकाळी हात मिळवा, जास्त मायेनं मुलं बिघडतात. (पुस्तक अर्पण केलं होतं ‘आनंदी मूल वाढवणाऱ्या पहिल्या आईला’, म्हणजे तोवर एकही झाली नव्हती म्हणायचं!) मग वीसेक वर्षांत वारं फिरलं. लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञानं १९४३ मध्ये ऑटिझमचं, म्हणजे मुलाला इतरांशी बोलणं-मिसळणं अवघड जातं त्या अवस्थेचं, वर्णन केलं आणि पुढे आईबापांच्या थंडपणाबद्दल लिहिलं, त्यातून ‘रेफ्रिजरेटर मदर’ ही कल्पना पसरली, की आईनं माया केली नाही म्हणून मूल असं झालं. ब्रुनो बेटलहाइमनं १९६७ मध्ये ती आणखी गाजवली. आधीच दमलेल्या हजारो आयांना डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की तुमच्यामुळे झालंय हे. बर्नार्ड रिमलंड नावाचा मानसशास्त्रज्ञ, ज्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता, त्यानं १९६४ मध्येच पुराव्यानिशी लिहिलं की हे शरीरातलं, मेंदूतलं कारण आहे, आईचा काही संबंध नाही. पण खापर फोडायची सवय एवढ्यात जाते होय? आधी माया जास्त म्हणून गुन्हेगार, मग माया कमी म्हणून गुन्हेगार, आता मोबाइल बघते म्हणून गुन्हेगार. शास्त्र बदलतं, आरोपी तोच.

तसं आपल्या म्हणींनासुद्धा ठरवता आलेलं नाही. एकीकडे पाळण्याची दोरी हातात असलेली जगाला उद्धरते, दुसरीकडे बाळाचे पाय पाळण्यातच दिसतात. पाय आधीच दिसले असतील तर दोरी ओढणारीनं करायचं काय? असो.

मग आयांचं काहीच चुकत नाही का? चुकतं की. आणि इथे ‘आई म्हणजे देवता’ म्हणणाऱ्यांपेक्षा मी जास्त बोलायला तयार आहे, कारण देवतेची चूक काढता येत नाही आणि माणसाची येते. मुलाचा शाळेतला प्रोजेक्ट रात्री जागून स्वतः पूर्ण करणारी आई त्याला फसवणूकच शिकवतेय, नाव काहीही द्या. मुलीला कामाला लावून मुलाला बसल्या जागी सगळं देणारी आई तर घराघरात आहे. मुलानं कोणाला तरी मारलं की आधी ‘माझा बाळ्या असं करणारच नाही’ म्हणणारी, बापापासून गोष्टी लपवून ठेवणारी आणि मग त्या लपवण्याचं ओझं मुलाच्याच डोक्यावर ठेवणारी. हे सगळं खरं आहे. पण जरा खोलात गेलं तर यातल्या कित्येक चुका अशा बाईच्या असतात जिची अख्खी किंमत मुलाच्या निकालावर ठरवून ठेवलीय. जिला माहीत आहे की मूल नापास झालं तर नापास तीच होणार, ती प्रोजेक्ट करूनच देणार ना? जिच्या आयुष्यात मुलाशिवाय कमाईच नाही असं तिला सांगून ठेवलंय, ती त्याची चूक कशी कबूल करेल? सगळी जबाबदारी एका माणसावर टाकली की ते माणूस मुलाचं राहत नाही, मुलाचं वकीलपत्र घेतं.

प्राचीन चीनमधला विचारवंत मेन्सियस, त्याच्या आईची गोष्ट तिकडे पिढ्यानपिढ्या आदर्श आई म्हणून सांगतात. घर स्मशानाजवळ होतं तर पोरगं अंत्यविधीचे खेळ खेळायला लागलं, तिनं घर बदललं. बाजाराजवळ गेली तर पोरगं विक्रेत्यांची नक्कल करायला लागलं, पुन्हा घर बदललं. शाळेजवळ गेली तेव्हा पोरगं रीतभात आणि अभ्यासाकडे वळलं, मग ती थांबली. आदर्श आईचीच गोष्ट आहे ही, पण नीट ऐका, ती काय सांगते? की मूल आजूबाजूला जे बघतं ते होतं, आणि आई कितीही चांगली असली तरी स्मशानाशेजारी तिचं काही चालत नाही. तिचं मोठेपण एवढंच की तिला हे कळलं आणि जागा बदलायचा निर्णय घ्यायची मुभा तिला होती. आपण मात्र आईला म्हणतो, जागा तीच, घरातली माणसं तशीच, कोणी काही बदलणार नाही, तू फक्त संस्कार कर.

शेवटचा आक्षेप राहतो आणि तो मला सगळ्यात वजनदार वाटतो. की तुम्ही जबाबदारी सगळ्यांवर वाटली म्हणजे ती कोणाचीच राहिली नाही. सार्वजनिक काम म्हणजे कोणाचंच काम नाही, हे आपण रोज बघतो, निदान आत्ता एक आई तरी उभी असते. बरोबर आहे. म्हणूनच नुसतं ‘सगळ्यांची जबाबदारी’ म्हणून भागणार नाही, नावं घालावी लागतील. स्वीडननं १९७४ मध्ये मूल सांभाळायची पगारी रजा बापालाही खुली केली, पण बापांनी ती फारशी घेतली नाही, कारण ‘दोघांपैकी कोणीही’ म्हटलं की ती बाई असते. मग १९९५ मध्ये त्यांनी त्यातला एक महिना बापाच्या नावावर बांधला, घेतला नाही तर बुडाला, तेव्हा कुठे बाप घरी बसायला लागले. आइसलंडनं २००० मध्ये कायदाच केला, तीन महिने आईचे, तीन बापाचे, तीन दोघांत वाटून. नाव लिहिल्याशिवाय काम होत नाही, हे त्यांना अनुभवानं कळलं.

घरातही तेच करावं लागेल आणि त्यासाठी कायद्याची वाट बघायची गरज नाही. शाळेच्या फॉर्मवर दोन नंबर असतात, फोन कायम एकाच नंबरवर जातो, बाप मीटिंगमध्ये असतो आणि आई मीटिंगमध्ये असली तरी उचलते. पुढच्या वेळी पोरानं वर्गात कोणाला तरी ढकललं, खोटं बोललं, मुलीला काहीतरी घाणेरडं म्हटलं, तर शाळेनं बापालाच बोलवावं आणि त्याला विचारावं, घरात कोण कोणाशी असं बोलतं? आजोबा घरात असतील आणि आजीवर खेकसत असतील तर त्यांनाही घेऊन यायला सांगावं. पहिल्या खेपेला बाप येणार नाही, बायकोला पाठवेल, ‘ती बघते ते सगळं’ असं चिठ्ठीत लिहून देईल. शाळेनं तिला नमस्कार करून परत पाठवावं आणि पुन्हा त्यालाच फोन करावा.